एक बादली गरम पाणी

दर जानेवारीत घरदार सोडून तीन आठवडे बोटीवर कशाला जाता, असं थेल्मा डॉड्सला कुणी विचारलं की ती काही न बोलता दोन्ही हात पुढे करायची. आमच्या नॉर्थ शील्ड्ससारख्या मासळीच्या बंदरगावात एवढं उत्तर पुरतं. डाव्या हाताची दोन आणि उजव्या हाताची तीन बोटं पहिल्या पेरापर्यंत पांढरीफटक, जरा थंडी वाढली की मेणाची वाटावीत अशी. पंधराव्या वर्षापासून पुढची सदतीस वर्षं बर्फातले मासे चिरून त्यांचे काटे काढले, त्याची ही बक्षिसी. डॉक्टर म्हणाला, "हिवाळ्यात उबेच्या देशात जात जा." डॉक्टरांना सांगायला काय जातं! पण थेल्माने ते मनावर घेतलं. विमानाचं नाव काढायचं नाही. जी वस्तू बिघडली की सरळ खालीच येते तिच्यात बसायचं कशाला, बोट निदान बुडायला वेळ तरी घेते, असा तिचा हिशेब. शिवाय बोट गावातूनच सुटायची. चाकाची बॅग ओढत उतार उतरला की धक्का आणि पाच दिवसांनी अंगावर ऊन.

'एलिनॉर' ही बोट जुनी आणि लहानखुरी. हल्ली अठरा मजल्यांच्या, पोटात घसरगुंड्या असलेल्या बोटी निघाल्यात, त्यांच्याकडे थेल्मा लग्नाच्या हॉलकडे पाहावं तसं लांबून पाहायची. एलिनॉरवर तिची केबिन ठरलेली, सगळ्यांत खालची, इंजिनाच्या डोक्यावर, बिनखिडकीची. "खिडकीतून दिसणार काय? पाणीच ना? ते वर गेलं की फुकट दिसतं. खाली भिंत गरम असते." बॅगेत घरची चहाची पुडकी, वाळत घालायला चार चिमटे, आणि पहिल्या संध्याकाळसाठी हॅम आणि वाटाण्याचा गोळा भरलेला आमच्याकडचा जाड स्टॉटी पाव, कारण पहिल्या दिवशी बोटीच्या स्वयंपाक्याचा भरवसा नाही. मासा मात्र ती बोटीवर तोंडात घालत नसे. "जन्मभर मी त्यांच्याकडे बघत आले. आता त्यांनी माझ्याकडे बघू नये."

बोट सुटताना नदीकाठी काय चालतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. टाईन नदी तिथे अरुंद आहे आणि बोट घरांच्या इतकी जवळून जाते की कुणाच्या खिडकीत कुठली कुंडी आहे तेही दिसावं. ज्याचं माणूस बोटीवर आहे त्या घराची एक खूण ठरलेली असते. कुणी दिवा उघडझाप करतं, कुणी पातेलं बडवतं. थेल्माची धाकटी बहीण रेनी उतारावरच्या घरात राहायची. ती वरच्या खिडकीतून डबल बेडची पांढरी चादर बाहेर सोडून झटकायची. डेकवरून थेल्मा टॉवेल हलवायची. अकरा वर्षं यात खंड नाही. एकदा थेल्मा म्हणाली होती, "अगं, तूही चल की एकदा." रेनी म्हणाली, "आणि चादर कोण हलवणार? तुझा नवरा वरून?"

नवरा, म्हणजे वॉल्टर, जहाजाच्या कारखान्यात रिबिटं ठोकणारा. पहिली सफर दोघांनी मिळूनच ठरवली होती. तो नोव्हेंबरात गेला आणि जानेवारीत थेल्मा एकटी बोटीवर चढली, कारण न जाऊन घरात तरी काय करायचं होतं? चार दिवस ती केबिनच्या बाहेर पडली नाही. बिस्किटं खाल्ली, रडली, पुन्हा बिस्किटं खाल्ली. पाचव्या दिवशी दार वाजलं. बाहेर हल शहराची एक बाई उभी होती, कपाटाएवढी. ती म्हणाली, "आमच्या टेबलावर तुमची खुर्ची रिकामी आहे आणि शेजारचा माणूस तिच्यावर आपली बॅग ठेवतो. मला ते बघवत नाही. उठा, केस विंचरा." थेल्मा उठली. त्या बाईचं आडनावसुद्धा तिला पुढे आठवत नव्हतं, पण केस विंचरले ते आठवत होतं.

त्यानंतर थेल्माने स्वतःला एक नियम घालून घेतला, आणि मला ही बाई थोर वाटते ती या नियमासाठी. एकट्याने आलेल्यांना बोटीवर चौदा नंबरच्या टेबलावर बसवतात. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला कुठली खुर्ची रिकामी राहते ते थेल्मा बघायची. तिसऱ्या दिवशी त्या केबिनचं दार वाजवायची. दहा हिवाळ्यांत सात विधवा, दोन विधुर, आणि एक बाई जिला काहीच झालं नव्हतं, नुसती बोट लागली होती. तिने बूट फेकून मारला. थेल्माने बूट परत नेऊन दिला आणि वर आल्याचा तुकडा दिला. बाकीचे नऊ जण जेवायला आले. "दारामागे कुणाला राहू द्यायचं नाही," एवढंच ती म्हणायची. चर्चमध्ये जाणाऱ्यांतली ती नव्हती, पण हा नियम मात्र तिने कधी मोडला नव्हता.

मग बारावा हिवाळा आला.

त्या दिवशी वारा असा होता की धक्क्यावरची माणसं वाकून चालत होती. बोट दुपारी तीनला सुटली. थेल्मा डाव्या कठड्याशी टॉवेल घेऊन उभी राहिली. रेनीची चादर दिसली, भोंगा झाला, थेल्माने टॉवेल हलवला. शेजारी कोटाची टोपी नाकापर्यंत ओढून एक उंच म्हातारी उभी होती. तिच्या हातात काही नव्हतं. ती काठाकडे बघत होती, पण कुठल्याच एका घराकडे नाही.

"तुमचं कोण आहे हो तिकडे?" थेल्माने विचारलं.

"कुणी नाही," म्हातारी म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या संध्याकाळी चौदा नंबरवर एक खुर्ची रिकामी होती. टेबलावर मिस्टर हेडली होते, गेट्सहेडचे निवृत्त बस इन्स्पेक्टर. मेन्यूकार्डसुद्धा तिकिटासारखं उजेडात धरून तपासायचे. त्यांना थेल्माचा नियम ठाऊक होता. "सापडलं गं तुझं गिऱ्हाईक," ते म्हणाले.

थेल्माने वेटरला हाक मारली. रोमेल नाव त्याचं, फिलिपाइन्सचा, सात वर्षं याच बोटीवर. "रोमेल, ही खुर्ची कुणाची?"

"मिसेस लिडल म्हणून आहेत, मॅडम. ऑड्री लिडल. केबिनमध्ये फक्त टोस्ट मागवतात."

थेल्माने काटा ताटात ठेवला आणि नंतर सूप, मटण, पुडिंग यांतलं काहीच घेतलं नाही.

ऑड्री लिडल ही थेल्मा जिथे मासे चिरायची त्या शेडमधली मुकादमीण होती. बायका तिला मागून 'बर्फाची लादी' म्हणायच्या. त्या काळी हिवाळ्यात दोन-दोन बायकांमागे एक गरम पाण्याची बादली असायची. दहा-पंधरा मासे झाले की बोटं बादलीत बुडवायची, जीव आला की पुन्हा सुरी धरायची. ऑड्री मुकादम झाली आणि म्हणाली, गरम हाताने मासा मऊ पडतो, वेळ जातो, बादल्या बंद. बायकांनी कानाडोळा केला. मग एका सकाळी रेनी, वय वर्षं एकोणीस, नोकरीचा पहिला हिवाळा, बॉयलरवरून वाफाळती बादली घेऊन आली आणि ऑड्रीने सगळ्यांसमोर ती लाथेने उडवली. वाफ फरशीभर पसरली. रेनी तिथेच रडली, एप्रन सोडून टेबलावर टाकला आणि गेली ती बिस्किटांच्या कारखान्यात. थेल्माला जाता आलं नाही, तेव्हा वॉल्टर बेकार होता. बादल्या काही पुन्हा आल्या नाहीत. बायका एप्रनच्या खिशात उकडलेला गरम बटाटा ठेवू लागल्या, पण बटाट्याची ऊब ती कितीशी! या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं झाली होती. थेल्माची पाच बोटं त्यापुढच्या वीस हिवाळ्यांत गेली.

तिसऱ्या दिवशी थेल्माने दार वाजवलं नाही.

"काय गं, यंदा देवाला सुट्टी?" हेडली म्हणाले.

"गुडघा दुखतोय."

"दार काय गुडघ्याने वाजवतेस?"

"तुम्ही तुमचा बटाटा खा हो," थेल्मा म्हणाली. बटाटा हा शब्द तोंडातून गेल्यावर तिला आणखीच राग आला.

तिने स्वतःला पुष्कळ समजावलं. नियम तिचा होता, तिने केलेला, तिला मोडायची मुभा होती. जिने दुसऱ्याच्या हातांची राखरांगोळी केली ती बसली दारामागे तर बसू दे. टोस्ट मिळतोय ना? आपल्याला तर बिस्किटंच होती. असं सगळं बरोबर जमवून ती चादरीत शिरली, पण झोप काही येईना. हलच्या त्या बाईने तरी कुठे विचारलं होतं, तू आधी कशी वागलीस म्हणून?

चौथ्या दिवशी बिस्केच्या उपसागराने नेहमीप्रमाणे आपलं काम सुरू केलं. बशा घरंगळू लागल्या, कठड्यांना उलटीसाठी कागदी पिशव्या लटकल्या. जेवणघरात दुपारी सहा माणसं. रोमेल थेल्माचा चहा घेऊन आला आणि जरा घुटमळला.

"मॅडम, एक विचारू? त्या लिडल मॅडम सारखं गरम पाणी मागतात. कप नेला तर कप हातात धरता येत नाही. काल सांडला. त्यांची बोटं..." तो थांबला आणि त्याने थेल्माच्या हातांकडे पाहिलं. "अशीच आहेत. जास्तच. दहाच्या दहा."

"दहा?"

"अंगठेसुद्धा, मॅडम."

थेल्मा बराच वेळ चहा ढवळत राहिली. मुकादम व्हायच्या आधी ऑड्री लिडल वीस वर्षं सुरीवर होती, हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे विसरले होते. त्यापुढेही ती रोज बर्फात हात घालून मासा पारखायची.

"बर्फाची बादली असते ना तुमच्याकडे? दारूच्या बाटल्या ठेवता ती? एक दे," थेल्मा म्हणाली. "रिकामी."

तिने ती मोठ्या थर्मासच्या तोटीखाली धरली, कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार पाणी घातलं. रोमेल म्हणाला, मी नेतो. थेल्मा म्हणाली, "तुझी नोकरी नाही ही." मग सत्त्याहत्तर वर्षांची ती बाई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने बादली धरून, डोलणाऱ्या बोटीतून दोन जिने खाली उतरली. प्रत्येक लाटेला थोडं पाणी सांडत होतं, आणि सांडत होतं ते सगळं तिच्याच बुटात.

दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं.

"टोस्ट नको!" आतून आवाज आला. तोच आवाज. पंचेचाळीस वर्षांत त्याला गंज चढला नव्हता.

"टोस्ट नाही. उघडा."

दार उघडलं. कठड्याशी उभी होती तीच उंच म्हातारी, आता टोपी नव्हती. पंच्याऐंशीची. तिने थेल्माला खालून वर पाहिलं आणि ओळखलं. अशी माणसं कामावरच्यांना विसरत नाहीत.

"डॉड्स," ती म्हणाली. "मला डेकवरच कळलं होतं तू आहेस. मारायला आलीस?"

"हात रिकामा असता तर विचार केला असता," थेल्मा म्हणाली. "सरका, सांडतंय."

तिने बादली दोन पलंगांच्या मध्ये ठेवली आणि पायांनी दाबून धरली. ऑड्री बसली. बादलीकडे बघत राहिली. शेवटी तिने दोन्ही हात पुढे केले आणि पाण्यात घातले, मनगटापर्यंत. तिचे डोळे मिटले. बोट एकीकडे कलली, दुसरीकडे कलली.

"तुझ्या बुटांत पाणी गेलंय," ऑड्री डोळे न उघडता म्हणाली. "चालताना आवाज येत होता."

"हो."

"गरम आहे ना?"

"आहे."

"त्या दिवशी माझ्या बुटांत गेलं होतं. तुझ्या बहिणीच्या बादलीतलं. सबंध सकाळ माझे पाय गरम होते." तिने डोळे उघडले. "सगळ्या शेडमध्ये मी एकटीच उबेत उभी होते. लाज वाटत होती. पण बूट काढले नाहीत मी."

माफी तिने मागितली नाही. मालकाने सांगितलं होतं, माझा नाइलाज होता, असलंही काही म्हणाली नाही, आणि थेल्माला तेच बरं वाटलं. नाइलाजाच्या गोष्टी तिने खूप ऐकल्या होत्या. मुळात ती रागवायलाच आली होती, पण या म्हातारीवर नेमकं कुठून रागवायला सुरुवात करावी ते तिला सापडेना.

"पाणी थोडं आणखी गरम चाललं असतं," ऑड्री म्हणाली.

"उद्या जेवायला वर या, तिथे सूप गरम असतं. साडेसात. केस विंचरून या," थेल्मा म्हणाली.

ऑड्री आली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. बसल्या बसल्या तिने नॅपकिनची घडी नापास केली, हेडलींना कोपर टेबलावरून काढायला लावलं आणि रोमेलला सांगितलं की मासा कालचा आहे. मासा खरंच कालचा होता. स्वयंपाकघरातून माफीनामा आला. हेडली थेल्माच्या कानाशी लागून म्हणाले, "ही आत होती तेच बरं नव्हतं का गं?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपर आपणहून खाली घेतले, आणि तिसऱ्या दिवशी ऑड्रीसाठी लोण्याची वडी सुरीने कापून ठेवली, कारण तिला ती कापता येत नव्हती.

मदेराच्या बेटावर ऊन मिळालं. टेनेरिफेच्या काळ्या वाळूवर दोघी म्हाताऱ्या लाटेच्या काठाशी खुर्च्या टाकून बसल्या, कोपरापर्यंत बाह्या वर करून, हात सरळ पाण्यात. येणारेजाणारे हसत होते. हसोत बापडे. तिथे थेल्माला हळूहळू कळत गेलं की ऑड्रीचा नवरा आठ वर्षांपूर्वी गेला, मूल नव्हतं, आणि शील्ड्समध्ये गेली तीस वर्षं नवरा आणि दुकानदार सोडून तिच्याशी कुणी आपण होऊन बोललं नव्हतं. जुन्या बायका रस्ता बदलायच्या. थेल्माला आठवलं, आपणही एकदा बदलला होता, औषधांच्या दुकानापाशी.

"तुझी ती चादरवाली," ऑड्री म्हणाली, "ती रेनीच ना? बादलीवाली?"

"तीच."

"मग परत जाताना मी डेकवर येणार नाही. तिने मला तुझ्याशेजारी बघायला नको. तू टॉवेल हलव, मी केबिनमध्ये बसेन."

म्हणजे पुन्हा दारामागे. थेल्माच्या मनाला ते फार लागलं. तीन आठवड्यांची सुटी सगळ्यांनाच मिळते. पण बाईला शेवटी राहायचं होतं शील्ड्समध्येच.

लास पाल्मासच्या बंदरातून थेल्माने रेनीला फोन लावला. हवापाणी, मांजर, गुडघा झाल्यावर तिने घसा साफ केला. "रेनी, परत येऊ तेव्हा दोन चादरी काढशील?"

"दोन कशाला? तू काय जुळी होऊन येतेस?"

"इथे एक बाई आहे. गावातलीच. तिला हात करायला कुणी नाही."

"बिचारी. काढेन की. कोण गं?"

ताकाला जाऊन भांडं लपवणं थेल्माला कधी जमलं नव्हतं. तिने नाव सांगितलं.

मग रेनी बोलली ते इतक्या मोठ्याने की बाकावर बसलेल्या हेडलींनीही वळून पाहिलं. "त्या बाईसाठी माझी चादर? थेल्मा, ऊन लागलंय तुला! चादर सोड, मी तिच्यासाठी भांडी पुसायचं फडकंसुद्धा खिडकीबाहेर काढणार नाही!"

"तिचे हात बघितलेस तर..."

"आणि तुझे मी रोज बघते! मी एकोणीस वर्षांची होते गं. सगळ्यांसमोर." रेनीचा आवाज फाटला. "सगळ्यांसमोर रडले मी."

"माहीत आहे मला. मी होते तिथे," थेल्मा म्हणाली. "आणि मी तेव्हा काही बोलले नाही, तेही माहीत आहे."

रेनीने फोन ठेवला. थेल्माने ऑड्रीला काही सांगितलं नाही.

परतीचा प्रवास सहा दिवसांचा. रोज एक कपडा चढत गेला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी दहाच्या सुमारास नदीच्या मुखावरचे दोन बांध दिसू लागले. आकाशातून पाऊस म्हणावा की बर्फ म्हणावा असं काहीतरी पडत होतं. थेल्मा ऑड्रीच्या दाराशी गेली.

"चला वर."

"मी सांगितलं होतं तुला."

"मला टॉवेल धरवत नाही आज, बोटं गेलीत. एक टोक तुम्ही धरा." हे खोटं होतं, पण ऑड्रीने हातांबद्दलचं खोटं कधी तपासलं नसतं. ती उठली, कोट घातला आणि जिना चढली.

दोघी आता उजव्या कठड्याशी उभ्या राहिल्या, कारण परत येताना घरं उजवीकडे येतात. आपण हे काय करून बसलो? रेनीला थेल्मा चौसष्ट वर्षं ओळखत होती. रेनीचं नाही म्हणजे नाही. आता एकच चादर दिसणार, आणि या पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला आपण मुद्दाम ओढून आणून दाखवणार की बघ, तुझं इथे कुणी नाही. केबिनमध्ये बसली असती तर निदान तेवढं तरी टळलं असतं.

भोंगा झाला. काठावर कुणीतरी पातेलं बडवायला लागलं. उतारावरचं घर पुढे आलं, वरची खिडकी उघडी होती, आणि रेनीची चादर बाहेर आली. पांढरी, ओली, वाऱ्यात फडफडणारी. एकच.

थेल्माने टॉवेलचं आपलं टोक वर केलं. ऑड्रीने आपलं टोक सोडून दिलं. "तुझी आहे. तू हलव," ती म्हणाली आणि जायला वळली.

"थांबा," थेल्मा म्हणाली. "थांबा हो जरा."

खिडकीत रेनीचा दुसरा हात आला होता. त्या हातात काहीतरी लहान होतं, निळ्या चौकटींचं. चादर एका हाताने आवरत ती दुसऱ्या हाताने ते हलवत होती, जोरात, रागारागाने, झुरळ झटकावं तसं.

"ते काय आहे?" ऑड्रीने डोळे बारीक करून विचारलं.

थेल्माला हसूही येत होतं आणि बोलवतही नव्हतं. "भांडी पुसायचं फडकं."

"ते कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

ऑड्री लिडल कठड्याला धरून उभी राहिली. "धुतलेलं तरी आहे का?" ती म्हणाली. पण बोलता बोलता ती गळ्यातला लोकरीचा मफलर सोडवत होती. दहाही बोटं धड चालत नव्हती, गाठ सुटायला वेळ लागला. थेल्माने मदत केली नाही. मफलर सुटला तसा तिने तो डोक्यावर उंच धरला आणि त्या गारठ्यात, उघड्या पांढऱ्या हातांनी हलवायला सुरुवात केली.

बोट घरापुढून सरकली. वळण जवळ आलं. पातेलं थांबलं, दिवे थांबले.

"पुरे आता, हात आत घ्या," थेल्मा म्हणाली. "गारठतील."

"गप्प बस, डॉड्स," ऑड्री म्हणाली. "ती अजून हलवतेय."